बाई, तुम्हाला पोहता येतं?

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणांना पोहता येतं? हात वर करा पाहू. खरं खरं सांगायचं हं! कारण हाच प्रश्न मला एका मुलीनं विचारला होता आणि मी तिला चक्क खोटं उत्तर दिलं होतं. शाळेतली बाई आणि खोटं बोलते, म्हणजे काय म्हणावं! पण गोष्ट तिथूनच सुरू होते, त्यामुळे ती तिथूनच सांगायला हवी.

मी मूळची माणदेशातली. आमच्याकडे नदी आहे, पण ती बहुतेक वेळा वाळूचीच. पूर आला म्हणजे माणसं पळून जात नाहीत, उलट पाणी बघायला गोळा होतात. विहिरी खोल, आणि तळाशी कळशी बुडेल एवढंच पाणी. अशा गावात पोहायला कोण आणि कशात शिकणार? डी.एड. झाल्यावर मला नोकरी लागली ती मात्र थेट कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचा हा तालुका. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. पावसाळ्यात पाणी चढत चढत देवळात येतं, तर लोक त्याचा सोहळा करतात, पुराच्या पाण्यात स्नान करतात. मी आपली लांब उभी राहून हात जोडायची.

ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र पाणी हात जोडून थांबणारं नव्हतं. कोल्हापूर-सांगलीच्या त्या महापुराबद्दल तुम्ही आईबाबांकडून ऐकलं असेलच. आमच्या गावाला चारही बाजूंनी पाण्यानं वेढलं. ज्या रस्त्यानं मी रोज शाळेत जायची, त्या रस्त्यावरून आम्ही नावेतून निघालो. नाव गावकऱ्यांचीच होती. लाइफ जॅकेटं मिळाली तेवढी मुलांना घातली, मोठी माणसं तशीच बसली. माझ्या शेजारी माझ्याच वर्गातली, तिसरीतली एक मुलगी होती. तिची आई धाकट्या भावाला घेऊन पलीकडच्या टोकाला बसली होती. खाली ऊस होता म्हणे. दिसत काहीच नव्हतं, नुसतं तांबडं पाणी आणि मधूनच विजेच्या खांबाचं डोकं.

एका ठिकाणी नाव कशाला तरी अडकली आणि कलली. मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, तुमास्नी पवाय येतंय?"

मी म्हटलं, "येतं की! भिऊ नकोस."

झालं! नाव सुटली, आम्ही सगळे सुखरूप पोचलो. पूर ओसरला. वर्गातला चिखल काढला, तक्ते वाळत घातले, भिंतीवर पाण्याची रेघ राहिली ती राहिली. आणि शाळा सुरू झाल्यावर काय झालं असेल? त्या मुलीनं सगळ्या शाळेत सांगून टाकलं होतं की आमच्या बाईंना पोहता येतं, त्या होत्या म्हणून मी भ्यालो नाही. (आमच्या भागात मुलीसुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात बरं का. व्याकरणाचा तास घेताना माझी फार पंचाईत होते!)

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं खोटं, तेही मुलीला धीर द्यायला. त्यात काय बिघडलं? मलाही बरेच दिवस असंच वाटत होतं. पण रात्री झोप लागेना. नाव खरंच उलटली असती तर? ती पोर माझ्या भरवशावर माझ्याच गळ्याला मिठी मारणार, आणि मी तिला घेऊन सरळ तळाला जाणार. खोटं अशा ठिकाणी महागात पडतं.

मग शिकायचं ठरवलं. वय वर्षं एकोणतीस!

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर त्यांच्या मालकांनी मला शिकवलं. पूर्वी त्यांच्या लहानपणी पाठीला पांगाऱ्याचं लाकूड किंवा वाळका भोपळा बांधत. माझ्या पाठीला बांधला तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन. पंजाबी ड्रेसवर कॅन बांधलेली बाई विहिरीत लोंबकळते आहे आणि वरून मावशी ओरडताहेत, "पाय मारा, पाय! नुसतं हात हलवून काय हुतंय!" हे दृश्य माझ्या वर्गातल्या कोणी पाहिलं नाही, ही देवाची कृपा. दीड महिन्यानं कॅन सुटला. पुढं कोरोनात सगळंच बंद पडलं, पण विहीर चालू होती. नंतर शहरातल्या जलतरण तलावावर नाव घातलं, तिथं मान वळवून श्वास घ्यायला शिकले. पंचवीस मीटरच्या तलावात आडव्या तीस फेऱ्या मारल्या की ७५० मीटर होतात. तेवढं जमायला आणखी दोन वर्षं लागली. वाचायला दोन वर्षं म्हणजे तीन शब्द लागतात, नाही का?

या तलावावरच आमचा गट जमला. क्लब म्हणायचं ते आपलं हौसेनं. ना कचेरी, ना पावतीपुस्तक. रविवारी पहाटे काही जण पोहायचे, काही सायकलवर वाडीपर्यंत जाऊन कवठाची बर्फी खाऊन यायचे, काही नुसतंच पळायचे. एक टेलरकाका होते, पन्नाशी उलटलेले. दिवसभर मशिनवर बसून गुडघे धरतात म्हणून त्यांनी सायकल धरली आणि आता सायकलच त्यांना सोडेना. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी होती. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, ही त्याच्या सहापट पळून वर पेपरला अभ्यास करायची. आणि एक साखर कारखान्यात काम करणारा तरुण होता, पाण्यात पडला की मासाच.

२०२३ सालच्या थंडीत कोल्हापूरला ट्रायथलॉन होती. ट्रायथलॉन म्हणजे तीन खेळ एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती नाही. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकल चालवायची, आणि सायकल टेकवून पळायचं. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात ट्रायथलॉन नावाची पहिली शर्यत झाली, तेव्हा ४६ जण उतरले होते. गंमत म्हणजे त्या शर्यतीची सुरुवात पळण्यानं झाली होती आणि पोहणं शेवटी होतं. आता पोहणं नेहमी पहिलं असतं. का असेल, सांगा बरं? दमलेला माणूस पळताना रस्त्याच्या कडेला बसू शकतो, पाण्यात कुठं बसणार? २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तिथं दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं असतं. आमची शर्यत त्याच्या निम्मी होती: ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर.

त्यातही आमचा भाग होता संघाचा. तिघांचा संघ, एकानं पोहायचं, दुसऱ्यानं सायकल, तिसऱ्यानं पळायचं. रिले शर्यतीत काठी असते ना, तशी इथं घोट्याला बांधायची एक पट्टी असते. तिच्यात वेळ मोजणारी चिप असते. पोहणारा येऊन सायकलवाल्याच्या घोट्याला ती बांधतो आणि मगच त्याला निघता येतं. आमचा मासा, टेलरकाका आणि भरतीची मुलगी असा संघ ठरला होता. मी राखीव. राखीव म्हणजे पिशव्या सांभाळायच्या आणि टाळ्या वाजवायच्या, अशी माझी समजूत होती.

शर्यतीच्या आठ दिवस आधी मासा मोटारसायकलवरून घसरला. मनगट मोडलं.

काकांचा फोन आला, "बाई, आता तुमी." मी म्हटलं, "काका, मी तळ दिसतो तिथंच पोहले आहे. मला तलावात जमायचं नाही." काका म्हणाले, "बरं. मग फी गेली म्हणायची." एवढंच! पुढं काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं, आग्रह करतील, मग मी आढेवेढे घेईन. तसं काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून हो म्हटलं.

माझ्या वर्गाला ही बातमी कशी कळली कोण जाणे. मावशींचंच काम असणार! चौथीतली मुलं एका सुरात म्हणाली, "बाई, पैला नंबर आणा!" आणि ती माझी जुनी मुलगी, आता सातवीत गेलेली, दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी मामाकडं कोल्लापुरातच हाय तवा. बघाय येतो." मला घाम फुटला. ती एकटीच अशी होती की जिच्या समोर मला बुडून चालणार नव्हतं.

राजाराम तलाव तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला आहे. पहाटे तिथं पोचलो तर पाण्यावरून वाफ निघत होती. काठावर गर्दी, भोंगे, हलगी. पाण्यात नारिंगी रंगाचे मोठे फुगे नांगरून ठेवले होते, त्यांना वळसा घालून परत यायचं. फुगे काठावरून एवढे जवळ वाटत होते! मी टोपी घातली, चष्मा लावला, घोट्याला पट्टी बांधली. भोंगा वाजला आणि आम्ही सगळे एकदम पाण्यात घुसलो.

मुलांनो, जलतरण तलावात खाली निळी फरशी असते, तिच्यावर काळी रेघ असते. ती धरून पोहायचं, म्हणजे दुरेघी वहीत लिहिल्यासारखं. इथं डोकं पाण्यात घातलं तर हिरवट अंधार. रेघ नाही, भिंत नाही, तळ नाही. स्वतःचा हात कोपरापर्यंत दिसायचा आणि पुढं नाहीसा व्हायचा. त्यात कोणाची तरी लाथ बसली, चष्मा सरकला, नाकात पाणी गेलं. मी डोकं वर काढलं. पुढं फुगा दिसेना, मागं काठ लांब गेलेला. आणि त्या क्षणी मला काय आठवलं असेल? ते तांबडं पाणी आणि विजेच्या खांबाचं डोकं.

श्वास आत जाईच ना. खरं तर जात होता, पण मी तो बाहेर सोडतच नव्हते. छाती भरलेली असताना आणखी हवा कोंबायची धडपड चालली होती. भीती वाटली की पुष्कळांचं असंच होतं. फळ्यापुढं उभं केल्यावर तुमच्यातल्या काहींचंही होतं, मी पाहिलंय. हात नुसते वेडेवाकडे पडत होते. मोठा ओरडा करावा असं वाटलं, पण तोंडातून आवाजच निघेना. म्हणून सांगते, बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो तसा ओरडत नाही. कधी कोणी पाण्यात गप्प होऊन नुसतंच वर-खाली होताना दिसलं तर तो खेळतोय असं समजू नका, मोठ्या माणसाला हाक मारा. आणि हो, नदीवर, खाणीत, विहिरीवर एकट्यानं किंवा नुसत्या मित्रांबरोबर जायचं नाही. हे मी बाई म्हणून सांगते आहे, ऐकायचं!

तेवढ्यात एक लहान होडी बाजूला आली. वल्हं मारणारा मुलगा कॉलेजातला असावा. तो म्हणाला, "मॅडम, टोकाला धरा." मी मान हलवली. होडीला हात लावला की शर्यत संपली, असं मला वाटत होतं. संघ बाद, काकांची फी गेली, आणि काठावर ती मुलगी! तो हसला. म्हणाला, "धरून थांबलं तर चालतंय. नियमात आहे. होडीनं पुढं न्यायचं नाही, एवढंच."

मी टोक धरलं. दोन्ही हातांनी!

किती वेळ धरलं कोण जाणे. मला तर शाळेचा एक तास भरल्यासारखं वाटलं. तो मुलगा काही घाई करेना. "तोंडानं सोडा, फूऽ करून," एवढंच मधे मधे म्हणत होता. बाकीच्या टोप्या लांब जात होत्या. मग तो म्हणाला, "उताणं पडून जावा की. कसंबी गेलं तरी चालतंय." हेही मला माहीत नव्हतं. फ्रीस्टाइलच हवं असं काही नसतं. म्हणून मी उताणी झाले आणि विहिरीत शिकले होते तसे पाय मारायला लागले. वर आकाश दिसत होतं, एक बगळा गेला. मावशींचा आवाज कानात, "पाय मारा, पाय!" पहिला फुगा मी उताणीच ओलांडला. दुसऱ्यापर्यंत श्वास जागेवर आला, तेव्हा पालथी झाले. दर सहा हातांना डोकं वर काढून फुगा कुठं आहे ते बघायचं, पुन्हा खाली. सुंदर वगैरे काही नव्हतं. जमेल तसं हात मारत जायचं.

पोहण्याला तीस मिनिटांची मर्यादा होती. त्यापुढं पट्टी काढून घेतात. मी काठाला लागले तेव्हा अठ्ठावीस झाली होती. चौदा संघांत मी चौदावी.

सायकली ठेवायच्या आवारात मी धावत, खरं म्हणजे लटपटत गेले. सगळे रॅक रिकामे, एकटे टेलरकाका उभे. डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखालचा पट्टा घट्ट बांधलेला. पट्टा बांधल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही असा नियम असतो, म्हणून हा माणूस पहिला पोहणारा आला तेव्हापासून तो बांधून उभा होता. गळ्यावर वळ उठला होता. माझ्या मनात सगळी माफीची वाक्यं तयार होती. "काका, मी..." एवढं म्हटलं आणि पुढं शब्द येईना. घोट्याची पट्टी सोडवायला वाकले तर बोटं गारठून काठीसारखी झालेली, पट्टी निघेचना. काका खाली बसले. सुईत दोरा ओवणारी बोटं ती! एका झटक्यात पट्टी निघाली, त्यांच्या घोट्याला गेली. उठता उठता म्हणाले, "आलासा न्हवं? मग झालं." आणि सायकल ढकलत पळाले.

काकांची सायकल साधी गिअरची, बाकीच्यांच्या बारीक टायरच्या. तरी वीस किलोमीटरला त्यांनी चव्वेचाळीस मिनिटं घेतली आणि तिघांना मागं टाकलं. भरतीच्या मुलीनं त्यांच्या घोट्यावरची पट्टी काढली तेव्हा ती पुढच्याच्या पाठीकडे बघत होती, पट्टीकडे नव्हे. पाच किलोमीटर, बावीस मिनिटं, आणखी दोघं मागं. शेवटच्या कमानीतून संघानं एकत्र जायचं असतं, म्हणून आम्ही दोघं कडेला उभे होतो. ती आली आणि थांबलीच नाही. आम्हालाच तिच्या मागून धावावं लागलं! चौदा संघांत नववे. चष्मा अजून माझ्या कपाळावरच होता, हे नंतर फोटोत कळलं.

शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला पदक होतं. तुम्हाला वाटेल, नवव्या नंबराला पदक कसलं! मलाही तसंच वाटायचं. ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. चौथीच्या मुलांनी ते चावूनसुद्धा पाहिलं. त्यांना सगळं खरं सांगितलं. एकानं लगेच विचारलं, "बाई, परीक्षेत आमीबी पुस्तक नुसतं धरून थांबलं, उघडलं न्हाई, तर चालंल का?" चालणार नाही, म्हटलं. मुलं भारी वकील असतात.

पण त्याआधी, तलावाच्या काठावर, ती मुलगी मामाच्या बरोबर उभी होती. तिनं मला टॉवेल दिला. होडी धरलेली तिनं काठावरून पाहिली होती. मी ठरवलं, आता सांगायचंच. तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "अगं, त्या वेळी नावेत मी तुला सांगितलं होतं ना, पोहता येतं म्हणून? ते खोटं होतं. मला तेव्हा अजिबात येत नव्हतं."

ती म्हणाली, "ठावं हाय की."

"कसं?"

तिनं डावा हात पुढं केला, मनगटावर बोट ठेवलं. "हितं तुमची नखं रुतलीती. वाडीत उतरल्यावर आईनं हळद लावली. पवाय येनारं मानूस असं धरतंय व्हय!"

"मग शाळेत सगळ्यांना कशाला सांगत फिरलीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुमीच सांगिटलासा न्हवं!" आणि जरा वेळानं, टॉवेलाचं टोक पिळत, "मावशींच्या हिरीवर मला कवा नेताय?"

पुढच्या रविवारी नेलं. तेलाचा कॅन मी जपून ठेवला होताच. दोरी मात्र नवी घ्यावी लागली.